देवळाबाहेरची शाळा

बद्रुद्दीन पिंजारी मराठी फायनलची परीक्षा पास झाला, तेव्हा घरात आनंद झाला नाही असं नाही. पण त्या आनंदाचं करायचं काय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नाशकात भद्रकालीच्या मागच्या गल्लीत पिंजाऱ्यांची चार-पाच घरं होती. त्या घरांतली पोरं मिसरूड फुटायच्या आत पिंजण खांद्यावर घेत आणि बापाच्या मागोमाग गावोगाव हिंडून जुन्या गाद्यांतला दबलेला कापूस मोकळा करून देत. बद्रुद्दीनही लहानपणी तसाच हिंडला होता. पण कापसाची धूळ त्याच्या छातीत बसली. खोकल्यानं एका हिवाळ्यात असं धरलं की हकीमसाहेबांनी त्याच्या बापाला, रहेमानला, बजावून सांगितलं, "हा मुलगा हवा असेल तर ह्याला कापसापासून लांब ठेव." उर्दू शाळेच्या इयत्ता त्याच्या संपल्या होत्या. लांब ठेवायचं म्हणून त्याला मराठी शाळेत घातलं, आणि तिथं तो रमला. पुढं त्याची आई नूरबानो शेजारणींना सांगायची, "खोकल्यानं शिकवलं हो आमच्या पोराला."

पास झालेल्या पोराची सोय मामूनं लावून टाकली. मामू सलाउद्दीनची नाशिक ते त्र्यंबक अशी सर्व्हिस मोटार होती. एका गाडीवर त्याचं बरं चाललं होतं आणि दुसरी गाडी संक्रांतीनंतर येणार होती.

"दुसरीवर तू बस," मामू म्हणाला. "तिकिटं फाड, सामान बघ, पॅसेंजरशी गोड बोल. वर्षभरात स्टिअरिंग हातात देतो."

बद्रुद्दीनला हे मनापासून आवडलं. मोटारीचा आवाज, पेट्रोलचा वास, घाटात मामूचं ते एका हातानं बिडी ओढत गाडी वळवणं, सगळ्याची त्याला लहानपणापासून ओढ होती. मास्तर व्हावं असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

ती १९३१ सालची दिवाळी. सुट्टी संपायच्या सुमारास त्याच्या शाळेच्या हेडमास्तरांनी त्याला बोलावून घेतलं. दिंडोरीच्या बाजूला करंजटेक नावाचं खेडं होतं. तिथले मास्तर आजारानं अंथरुणाला खिळले होते आणि लोकल बोर्डाला त्यांच्या जागी दोन-तीन महिने बदली मास्तर हवा होता.

"मोटार येईपर्यंत रिकामाच आहेस ना? जाऊन ये," हेडमास्तर म्हणाले. "आवडलं नाही तर तुला कोणी बांधून घालत नाही."

घरी विचारलं तर रहेमाननं मान डोलावली. "करंजटेकच्या गाद्या पिंजल्यात मी. माणसं वाईट नाहीत. जरा हळूहळू मोकळी होतात, एवढंच."

दिंडोरीपर्यंत मोटारीनं आणि पुढं पायी, वळकटी डोक्यावर घेऊन बद्रुद्दीन करंजटेकला पोचला. भिमाजी पाटील ओट्यावर बसले होते. नवा मास्तर म्हटल्यावर ते उठून सामोरे आले.

"या मास्तर, या. नाव काय म्हनले?"

"बद्रुद्दीन."

पाटलांनी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "रहेमान पिंजाऱ्याचं कोन तुमी?"

"मुलगा."

"मंग घरचेच म्हनायचे," पाटील म्हणाले. त्यांनी पडवीतली खोली दाखवली, चूल दाखवली, पाण्याची व्यवस्था सांगितली. पण त्यांच्या कपाळावर आलेली आठी काही गेली नाही. तिचं कारण बद्रुद्दीनला दुसऱ्या दिवशी सकाळी समजलं. करंजटेकची शाळा मारुतीच्या देवळात भरत होती.

सभामंडपात पोरं दाटीवाटीनं बसली होती. एका खांबाला टेकून फळा ठेवला होता. देवळाची झाडलोट करणारी गुरवीण साळूबाई हातात केरसुणी घेऊन दारातच उभी होती. आणि देवळाबाहेर, पायऱ्यांपासून लांब, गोणपाटावर तीन मुलं वेगळी बसली होती. एक वाळू येसकराची मुलगी कला, दुसरा तिचा चुलतभाऊ, आणि तिसरं एक अगदी लहानगं. ही महारवाड्यातली मुलं. सरकारी हुकूम होता म्हणून त्यांची नावं हजेरीत होती, आणि देवळात पाऊल टाकायची सोय नव्हती म्हणून ती उन्हात होती. आधीच्या मास्तरांचा आवाज येईल तेवढा त्यांनी ऐकायचा.

पाटील घोटाळले. मास्तराला आत या म्हणावं तर गाव काय म्हणेल, आणि येऊ नका म्हणावं तर शाळा कशी चालेल? बद्रुद्दीननंच त्यांची सुटका केली.

"मी खालीच उभा राहतो, पाटील. माझा आवाज पोचेल आत."

पाटलांनी घरून लाकडी खुर्ची आणवली. ती बाहेरच्या करंजाच्या झाडाखाली ठेवली आणि शाळा सुरू झाली.

पहिले काही दिवस मोठे विचित्र गेले. मास्तर बाहेर आणि मुलं आत. बद्रुद्दीन घसा ताणून पाढे सांगायचा, आतून पोरं ओरडून म्हणायची, आणि खांबाआडची पोरं खुशाल गोट्या खेळायची. फळ्यावर लिहायचं तर मोठ्या पोराला आत सांगावं लागे आणि तो चुकला तर बाहेरून दुरुस्ती करावी लागे. संध्याकाळी बद्रुद्दीनचा घसा बसलेला असायचा. त्याला त्यातल्या त्यात नीट शिकवता यायचं ते त्या बाहेरच्या तीन मुलांना, कारण तीच तेवढी त्याच्या समोर होती. कला अक्षरं उलटी काढायची. तिचा 'क' आरशात पाहिल्यासारखा यायचा. बद्रुद्दीन खाली वाकून जमिनीवर बोटानं अक्षर काढून दाखवायचा, मग ती त्याच्या शेजारी काढायची.

त्यातूनच त्याला सुचलं. पहिलीची पोरं धुळपाटीवर, म्हणजे फळीवर माती पसरून, बोटानं अक्षरं गिरवत. करंजाखाली तर पायलीभर नाही, गाडाभर माती होती. त्यानं सकाळी लवकर येऊन झाडाखालची जमीन झाडली, खडे वेचले, नदीकडची बारीक वाळू आणून पसरली आणि सगळ्या आवाराची एक मोठी धुळपाटी करून टाकली. मग आतल्या पोरांना हाक मारली.

"ज्याला हात लांब करून लिहायचंय त्यानं बाहेर यावं."

पोरं पायऱ्यांवरून भराभर खाली आली. कोणी हातभर 'अ' काढला, कोणी बैलाएवढा 'ब'. चुकलं तर पायानं पुसायचं आणि पुन्हा लिहायचं. फळाही बाहेर आला आणि करंजाच्या बुंध्याला टेकला. आठवडाभरात सभामंडप ओस पडला आणि साळूबाईला दिवसभर निवांत देऊळ मिळू लागलं. बद्रुद्दीनच्या घशाला आराम पडला. आपण काही वेगळं केलं असं त्याच्या मनातही नव्हतं. मुलं दिसावीत एवढाच त्याचा हेतू होता.

पण त्या एकाच मातीत सगळ्यांची बोटं फिरत होती, आणि ते गावाच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. त्या दिवसांत नाशकात काळारामाच्या दारात सत्याग्रह चालू होता. बाजाराला गेलेली माणसं रोज काहीबाही ऐकून येत आणि पारावर बसून तावातावानं बोलत. एके दिवशी पाटलांचा चुलतभाऊ सोमा शाळेसमोर येऊन उभा राहिला. त्याचा मुलगा चंदर तिसरीत होता.

"मास्तर, तुमी शिकिवता झ्याक. त्याबद्दल काय म्हननं नाय," सोमा म्हणाला. "पन ही पोरं आन आमची पोरं एकाच मातीत हात घालत्यात. हे नाशकातलं वारं हितं नको आमाला."

"हे वारं नाही हो. मुलं लिहिताहेत, एवढंच."

"मंग लिव्हू द्या. पन रेघ पाहिजे."

सोमानं काठी घेतली आणि वाळूत या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. झाडाची सावली, फळा आणि खुर्ची अलीकडे राहिली. पलीकडे ऊन. कोणी न सांगता कला उठली, लहानग्याचं बोट धरलं आणि पलीकडे जाऊन बसली. बद्रुद्दीन काही बोलला नाही. त्याचं वय ते काय, गाव परकं, आणि त्यातून त्याचं नाव बद्रुद्दीन. तो जाऊन आपल्या खुर्चीवर बसला.

त्या दिवशी खोलीवर येऊन त्यानं चूल पेटवली, भाकरी थापली. आपण असे गप्प कसे बसलो ह्याचं त्याला राहून राहून वाईट वाटत होतं. बोललो असतो तर काय झालं असतं, ह्याचीही भीती वाटत होती. मोटार येईपर्यंत दिवस ढकलावेत आणि निघून जावं, असं त्यानं मनाशी जवळजवळ ठरवलं.

सकाळी शाळेत आला तेव्हा रेघ तशीच होती. पोरं आपापल्या बाजूला बसली होती. कलानं काही तरी लिहिलं होतं, पण एवढ्या लांबून ते सुलटं होतं की उलटं ते कळेना. बद्रुद्दीननं खुर्ची उचलली, रेघ ओलांडली आणि ती पलीकडे उन्हात ठेवून तिच्यावर बसला.

चंदरनं विचारलं, "मास्तर, तिकडं का बसले?"

"देवळात मलाही येता येत नाही ना, बाळ. मग माझी जागा इकडंच. पाटी तपासून घ्यायची असेल त्यानं इकडं आणावी."

हे तो चिडून बोलला नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं, इतक्या साध्या आवाजात बोलला होता. मग पाटलांची धाकटी मुलगी पाटी घेऊन आली, तिच्यामागं आणखी दोघं आली. दुपारपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी रेघ जागोजाग मोडून गेली.

दुसऱ्या दिवशी चंदर आला नाही. आणखी बऱ्याच घरांतली मुलं आली नाहीत. साळूबाईनं आपल्या नातीला, अंबूला, घरी ठेवून घेतलं. बद्रुद्दीन पाटलांकडे गेला तर पाटील सुपारी कातरत म्हणाले, "माझी पोरं येतील. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाय. पन तुमाला कोनी हात लावनार नाय, एवढं माझ्याकडं लागलं."

अर्ध्या शाळेवर संक्रांत आली. त्या वर्षी रमजानही त्याच सुमाराला आला होता आणि बद्रुद्दीनचे रोजे चालू होते. सकाळी पोरं तिळगूळ घेऊन आली. शाळा सोडलेलीही दोन-चार आली, कारण संक्रांतीला मास्तरांना तिळगूळ द्यायचा नाही हे पोरांच्या बुद्धीला पटत नव्हतं. बद्रुद्दीन प्रत्येकाचे दाणे घेई, "गोड बोल" म्हणे आणि रुमालात ठेवी. कलानं मूठ पुढं केली, मग लाजून मागं घेतली. त्यानं हात तसाच धरून ठेवला, तेव्हा तिनं घामेजलेले तीळ त्याच्या हातावर ठेवले. तेही त्यानं त्याच रुमालात बांधले.

साळूबाई देवळाच्या दारातून हे बघत होती. मास्तर तिळगूळ तोंडात टाकत नाही, हे तिनं पाहिलं. तीन-चार दिवसांपासून मास्तर शाळेत पाण्याचा थेंब घेत नाही, हेही तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. शाळा सुटल्यावर ती पायऱ्या उतरून खाली आली.

"मास्तर, गावानं पोरं काढली म्हनून गावचं पानी सोडलं का तुमी?"

बद्रुद्दीन गोंधळला. मग त्याच्या लक्षात आलं. "नाही हो आजी. रोजा आहे. दिवस मावळेपर्यंत अन्न-पाणी काही नाही."

"आजच्या दिवस?"

"महिनाभर."

"म्हंजी रोज निर्जळा एकादस," साळूबाई हिशेब लावत म्हणाली. "आन वर दिसभर पोरांसंगं बोलायचं."

एवढं बोलून ती पायऱ्या चढून गेली. दिवस मावळताना मात्र ती पाटलांच्या पडवीपाशी तांब्या घेऊन आली. तांब्या उंच धरून तिनं त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. शिवाशीव सांभाळूनच ओतलं, त्यात तिनं कसूर केली नाही. पण पाणी गार होतं आणि तो पिऊन होईपर्यंत ती हात न हलवता उभी राहिली.

दोन दिवसांनी ती अंबूला घेऊन शाळेत आली. "हिला बसवून घ्या. तुमच्या खुर्चीपाशी बसवा, लांबचं दिसत नाय तिला."

खुर्ची होती तिथंच होती, कलाच्या अगदी जवळ. साळूबाईनं ते पाहिलं, पदर सावरला आणि केरसुणी घेऊन देवळात निघून गेली. गुरविणीनंच नात बसवली म्हटल्यावर आणखी काही घरांचा नेट ढिला पडला. सोमाचा मात्र पडला नाही.

ईदसाठी बद्रुद्दीन नाशकाला आला तेव्हा मामूची नवी मोटार दारातच उभी होती. ईद झाल्यावर मामूनं त्याला त्र्यंबकच्या फेरीवर नेलं. तो दिवस बद्रुद्दीनला फार आवडला. त्यानं "त्र्यंबक, त्र्यंबक" अशा हाका दिल्या, बायकांची गाठोडी टपावर चढवली, वाऱ्यात टोपी धरून पायफळीवर उभा राहिला. परतताना मामू खुशीत होता.

"बघ, तू ह्याच कामाचा आहेस. उद्यापासून ये."

घरी आल्यावर तो जेवताना बोलत राहिला. बोलता बोलता त्र्यंबकहून करंजटेकला कधी पोचला हे त्याचं त्याला समजलं नाही. कलाचा 'क' आता दहातून आठ वेळा सुलटा येतो, अंबूला जवळूनच दिसतं, पाटलांची मुलगी गणितात कशी चलाख आहे, असं त्याचं चाललं होतं. रहेमान ऐकत होता.

"एक सांग," तो म्हणाला. "मोटारीवर बसून आलास तेव्हा तुझं तोंड हसरं होतं. शाळेचं सांगताना कपाळाला आठ्या पडताहेत. पण बोलणं सगळं शाळेचंच. हे काय आहे?"

"तिथं अर्धं राहिलंय, अब्बा," बद्रुद्दीन म्हणाला.

"मग जा आणि पुरं करून ये."

"ते पुरं होण्यातलं नाही. दरवर्षी नवी पोरं येणार."

"म्हणजे जन्मभराचं झालं," रहेमान म्हणाला. त्यानं पोराच्या ताटात आणखी शेवया वाढायला नूरबानोला खूण केली. त्या घरात करिअर वगैरे शब्द कोणी ऐकलेला नव्हता. पण बद्रुद्दीननं आपल्या आयुष्याचं काय करायचं ते त्या ताटावर ठरलं.

मामूला वाईट वाटलं. दोन दिवस तो घराकडे फिरकला नाही. लोकल बोर्डाच्या कचेरीत गेल्यावर आणखी एक पेच पडला. करंजटेकच्या आजारी मास्तरांनी नोकरी सोडली होती आणि जागा कायमची रिकामी झाली होती. पण शहरातल्या उर्दू शाळेतही एक जागा होती, घरापासून हाकेच्या अंतरावर. साहेबांनी ती त्याला देऊ केली. नूरबानोनं हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "अल्लानं दार उघडलं आणि तू भिंतीकडे जातोस." तरी बद्रुद्दीननं करंजटेकच मागितलं. साहेब चष्म्यावरून त्याच्याकडे पाहत राहिले. असली मागणी त्यांच्याकडे क्वचितच येत असावी. निघायच्या दिवशी मामू न बोलावता आला, दिंडोरीच्या मोटारीपर्यंत त्याची वळकटी स्वतः घेऊन चालला आणि म्हणाला, "फसलास तर मोटार आहे."

तो फसला नाही, पण सगळं एकदम सरळही झालं नाही. सोमानं वर्षभर चंदरला पाठवला नाही. मग पोरगं घरात बसेना, गुरांमागं धाडलं तर गुरं सोडून करंजाशी येऊन उभं राहू लागलं. शेवटी सोमाच त्याला घेऊन आला आणि "ह्याला कुटंबी बसवा, पन बसवून ठेवा," म्हणाला. पुढं बोर्डानं बद्रुद्दीनला धुळ्याला ट्रेनिंगला पाठवलं. ट्रेनिंग संपवून तो पुन्हा करंजटेकलाच आला. छत्तीस साली पाटलांच्या खळ्याच्या कडेला शाळेची खोली उभी राहिली. भिंती गावानं घातल्या, कौलं बोर्डानं दिली. वाळू येसकरानं माती कालवली आणि सोमानं दगड वाहिले. दोघं एकमेकांशी फारसं बोलले नाहीत. खोलीत मुलं एका ओळीत बसली. पाण्याचे माठ मात्र वेगळेच राहिले. ते एक करायचा बद्रुद्दीननं दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा त्याला माघार घ्यावी लागली. ह्या गोष्टीची सल त्याला कायम राहिली.

त्याचं लग्न नाशकातल्याच माजिदाशी झालं. ती करंजटेकला राहायला आली तेव्हा साळूबाईनं तिला चुलीचं लाकूड कुठलं जाळावं आणि कुठलं धूर करतं ते शिकवलं. कला चौथी पास झाली. महारवाड्यातून तिच्याआधी तिथवर कोणी गेलं नव्हतं. तिचं लग्न ठरलं तेव्हा वाळू मास्तरांना सांगायला आला. बद्रुद्दीनला तिनं आणखी शिकावं असं वाटत होतं. तो ते बोललाही. पण वाळूनं मान खाली घातली आणि बद्रुद्दीननं पुढं ताणलं नाही.

एकोणचाळीस साली त्याची बदली झाली, देवळा तालुक्याच्याही पलीकडच्या एका गावात. बैलगाडीत सामान भरलं, माजिदा आणि तान्हं पोर वर बसलं, आणि करंजटेकची माणसं वेशीपर्यंत आली. नव्या गावात पहिल्याच सकाळी एक नाकात शेंबूड आलेलं पोर त्याच्यापुढं येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, "मास्तर, मनी पाटी फुटेल शे."

बद्रुद्दीनला अर्थ लागला, पण ही अहिराणी बोली काही त्याची नव्हती. इथं आपल्यालाच आधी विद्यार्थी व्हावं लागणार, हे त्यानं ओळखलं. तो उकिडवा बसला, फुटक्या पाटीचा त्यातल्या त्यात मोठा तुकडा पोराच्या हातात दिला आणि म्हणाला, "ह्याच्यावर चालेल. आता मला सांग, तुमच्याकडे 'माझी'ला 'मनी' म्हणतात. मग 'तुझी'ला काय म्हणतात?"